सव्वासहा टक्के

मुलीने मांजराचं पिल्लू घ्यायचं ठरवलं तेव्हा मी मेलबर्नला तिच्याकडेच होते. बर्मीज जातीचं पिल्लू. आपण ब्रह्मदेशी मांजर म्हणू. माझ्या लेखी मांजर म्हणजे खिडकीतून येणारं, दुधाच्या पातेल्यावरची ताटली पाडणारं आणि माळ्यावरच्या ट्रंकेमागे व्यायला जाणारं जनावर. त्याचा बाप कोण, हे आमच्या आळीत कधी कुणी विचारलं नव्हतं. इथे मात्र पिल्लू बघायला जायच्या आधीच त्याची वंशावळ घरी आली. चार पिढ्यांची! लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा आमच्याकडे पणजोबांच्या पलीकडे कुणाची गाडी जात नाही.

मुलगी तो कागद बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, हे बघ गं. याच्या आईचा बाप आणि बापाचा बाप एकच बोका आहे. म्हणजे याचे आईबाप सावत्र बहीणभाऊ झाले की! हे असं चालतं का?"

मला हसू आलं, कारण हे विचारणारी स्वतः आतेमामे भावंडांच्या लग्नातली. माझी सख्खी आत्या हीच माझी सासू. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असं आमच्याकडे उघड म्हणत, आणि पन्नास वर्षांपूर्वी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. ह्यांना मी लहानपणापासून ओळखत होते आणि सासरी जायची धास्ती नव्हती, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

हसले खरी, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी भाषा आणि इतिहास शिकवणारी बाई, जीवशास्त्राशी माझी ओळख शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरणीतल्या बेडकापुरती. पण परदेशी मुलीकडे गेलेल्या आईला वेळ भरपूर असतो. वाचलं, त्या पैदास करणाऱ्या बाईंशी (तिकडे आणि आता इकडेही त्यांना ब्रीडरच म्हणतात) दोनदा सविस्तर बोलले, आणि माझं एक मत झालं. ते ब्रीडरबाईंच्या मतापेक्षा थोडं वेगळं आहे आणि मुलीच्या तर बरंच. ते सांगायचा हा खटाटोप.

आधी हिशेब. १९२२ साली सिवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने नात्यातल्या संततीचं मोजमाप करायची एक रीत मांडली. ती आजही वापरतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. कपाटाला दोन किल्ल्या असाव्यात तसं. एक वाकडी निघाली तरी दुसरीने कपाट उघडतं, आणि वाकडी किल्ली आपल्याजवळ आहे हे जन्मभर कळतही नाही. आईबाप नात्यातले असले की दोन्ही किल्ल्या एकाच आजोबाच्या किल्लीवरून पाडलेल्या असण्याची शक्यता वाढते. ती नेमकी किती वाढते, ते राइटचा आकडा सांगतो. सख्खे बहीणभाऊ किंवा आई आणि मुलगा यांच्या संततीचा आकडा २५ टक्के. सावत्र बहीणभाऊ, आजोबा-नात, मामा-भाची यांचा १२.५. (शेजारच्या कर्नाटकात मामा-भाचीची लग्नं रूढ होती, तो आकडा मुलीच्या त्या पिल्लाइतकाच.) आतेमामे, चुलत, मावस भावंडांचा ६.२५. लहानपणी घोकलेली पावकी-निमकी अशी म्हातारपणी कामाला आली. माझी मुलं सव्वासहा टक्के, आणि ते पिल्लू साडेबारा!

आमच्या या पंगतीत डार्विनही बसलेला आहे. त्याने १८३९ साली आपल्या मामेबहिणीशी, एमाशी लग्न केलं. दहा मुलं झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली, आणि आपलं नातं तर याला कारण नसेल ना, ही चिंता त्या माणसाला पुढे पोखरत राहिली. १८७१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत चुलत-मावस भावंडांच्या लग्नांची विचारणा व्हावी म्हणून त्याने खटपट केली. पार्लमेंटने ती मानली नाही.

आता ब्रीडरबाई काय म्हणाल्या ते. त्या काहीच लपवत नव्हत्या, हे पहिल्यांदा सांगते. त्यांचा नियम साधा होता. सख्खे बहीणभाऊ नाहीत, आई-मुलगा नाही, बाप-लेक नाही. सावत्र भावंडं, आजोबा-नात, काका-पुतणी हे क्वचित, तेही काही कारण असलं तर, आणि त्याच्या पुढच्या पिढीत बाहेरचं रक्त आणायचं. चांगल्या ब्रीडरमंडळींत साधारण हाच दंडक आहे. या क्वचितच्या प्रकाराला ते 'लाइन ब्रीडिंग' म्हणतात. त्यांच्यातलाच एक विनोद आहे: जमलं तर लाइन ब्रीडिंग, फसलं तर इनब्रीडिंग. बाईंनी तो स्वतःच सांगितला आणि स्वतःच हसल्या.

पण हे सगळं मुळात कशासाठी, हे कळायला या जातीचा इतिहास बघावा लागतो. तो मला फार रंजक वाटला. १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जोसेफ थॉम्पसन यांच्याकडे ब्रह्मदेशातून एक मांजरी आली. लहानखुरी, अक्रोडाच्या रंगाची. नाव वाँग माउ. अमेरिकेत तिच्यासारखा बोका नव्हता. मग थॉम्पसननी तिचा संबंध ताय माउ नावाच्या सयामी बोक्याशी लावला. काही पिल्लं सयामी रंगाची झाली, काही आईसारखी अक्रोडी. नंतर वाँग माउचा संबंध तिच्याच एका मुलाशी लावला, तेव्हा काही पिल्लं गडद तपकिरी निघाली. तीच आजची ब्रह्मदेशी मांजरं! म्हणजे वाँग माउ स्वतः अर्धी सयामी होती, आणि तिच्यात दडलेला गडद रंग वेगळा काढायला आई-मुलाचा संबंध लावावा लागला. १९४३ साली थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिकतेच्या एका नियतकालिकात हे रीतसर मांडलं.

पुढची गंमत अशी. अमेरिकेतल्या 'कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन'ने १९३६ साली ही जात मान्य केली. मांजरं थोडी, म्हणून लोक सयामी रक्त मिसळत राहिले. तेव्हा जात शुद्ध राहिली नाही असं म्हणून त्याच संस्थेने १९४७ साली मान्यता थांबवली, ती १९५० च्या दशकात परत दिली. म्हणजे बाहेरचं रक्त आणणं हा त्या वेळी गुन्हा ठरला. आज तीच गोष्ट शहाणपणाची मानतात. बहुतेक सगळ्या बर्मीज मांजरांच्या वंशावळी मागे मागे नेल्या तर त्या एका वाँग माउपाशी जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली मांजरांच्या बऱ्याच जातींची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा सगळ्यांत कमी वैविध्य बर्मीज आणि सिंगापुरा या दोन जातींत आढळलं.

इथे त्या साडेबाराच्या आकड्यातली मेख माझ्या लक्षात आली. तो आकडा कागदावरच्या चार पिढ्यांपुरता. कागदाच्या वर जे आहे ते शून्य धरलेलं. पण वर शून्य नाहीच, वर सगळ्यांची एकच आजी बसलेली आहे! मग मला आमचं घर आठवलं. आमच्या सोयरिकी पंधरावीस गावांच्या आत फिरलेल्या. माझी आजी आणि ह्यांच्या वडिलांची आई याही एकमेकींच्या कुणीतरी लागत होत्या. तेव्हा आमचा सव्वासहाही कागदावरचाच म्हणायचा.

आणि आपण तर गोत्र बघणारी माणसं. एका गोत्राची दोन माणसं, शंभर पिढ्यांत संबंध आलेला नसला तरी, लग्नाला अडतात. मामाची मुलगी मात्र चालते, कारण तिचं गोत्र वेगळं. गोत्र बापाकडून येतं ना! आईकडचं रक्त त्या हिशेबात मोजलंच जात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड नातं बापाकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन पिढ्या धरलं, आणि रूढी असेल तर सूट ठेवली. त्या सुटीतून आमच्यासारखे सगळे बाहेर पडले. एक ओळ लक्ष देऊन पाहायची आणि बाकीच्यांकडे डोळेझाक करायची, हे फक्त मांजरवाल्यांचंच नाही.

आता या जातीत काय घडलं ते सांगते, कारण माझं मत त्यावर उभं आहे.

१९७० च्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकेतल्या प्रदर्शनांत आखूड नाकाची, रुंद, गोल चेहऱ्याची बर्मीज मांजरं बक्षिसं मिळवू लागली. हा चेहरा एका नामांकित बोक्याच्या वंशातून आलेला. साहजिकच सगळ्यांना त्या वंशाचं पिल्लू हवं झालं. मग काही वेतांमध्ये भयंकर पिल्लं जन्मू लागली. तोंडाचा वरचा भाग विचित्र दुणावलेला, कवटी अपुरी. जिवंत जन्मायची, पण त्यांना लगेच झोपवावं लागे. अशा दोन मांजरांच्या संबंधात सरासरी चारातलं एक. त्यामागचं जनुक, एएलएक्स-१, २०१६ साली प्रसिद्ध झालं. त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत असली की चेहरा आखूड आणि गोजिरा होतो, आणि दोन असल्या की पिल्लू जगत नाही. म्हणजे परीक्षक इतकी वर्षं बक्षीस देत होते ते अर्ध्या रोगाला! आणि बक्षीस मिळालं की त्याच बोक्याला पुढची मागणी.

ब्रिटनच्या 'गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी'ने अमेरिकेतून येणाऱ्या बर्मीजची नोंदणीच बंद ठेवली. पिल्लं वाचली, पण दारही बंद झालं आणि आतली मांजरं आपापसातच राहिली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या बर्मीजमध्ये दुसरंच दुखणं होतं. रक्तातलं पोटॅशियम उतरतं, पिल्लाचे स्नायू लुळे पडतात, मान वर धरता येत नाही, हनुवटी छातीला टेकते. त्याचं जनुक २०१२ साली सापडलं आणि आता साध्या तपासणीत कळतं.

या तपासणीबद्दल बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. चाचणी आली तेव्हा उत्साही मंडळींना वाटलं की एक वाकडी किल्ली असलेलं प्रत्येक मांजर बाद करावं. "तसं केलं असतं तर आधीच थोडी असलेली मांजरं आणखी थोडी झाली असती, आणि दुसराच कुठलातरी रोग वर आला असता," बाई म्हणाल्या. त्यापेक्षा अशा मांजराचा संबंध निर्दोष मांजराशी लावायचा. पिल्लू कुठलंच आजारी होत नाही, आणि जातीतलं वैविध्य हातचं जात नाही. सफाईचीही घाई करू नये, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

बाहेरचं रक्त हा रामबाण उपाय आहे का? पुष्कळदा आहे. फ्लोरिडातले पॅंथर म्हणजे प्यूमाच. १९९० च्या सुमारास ते वीस-तीस उरले होते. शेपट्या वाकड्या, नरांची वृषणं खाली न उतरलेली, काळजात दोष. १९९५ साली टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या, आणि पिल्लं धडधाकट होऊ लागली, संख्या वाढली. बर्मीजमध्ये तर एकदा अपघातानेच झालं. १९८१ साली लंडनमध्ये एका घरात दार चुकून उघडं राहिलं आणि बर्मीज मांजरी व चिंचिला पर्शियन बोका एकत्र आले. त्यातून बर्मिला नावाची देखणी जात निघाली. पण बाहेरच्या रक्ताने सगळी पापं धुतली जात नाहीत. स्कॉटिश फोल्ड घ्या. १९६१ साली स्कॉटलंडच्या एका शेतावर मुडपलेल्या कानांची सूझी सापडली, आणि सगळी फोल्ड मांजरं तिची. तिथे तर एकच वाकडी किल्ली पुरते; कान मुडपतात ते कूर्चेच्या ज्या दोषाने, त्यानेच सांधेही दुखतात. ब्रिटनच्या संस्थेने १९७० च्या दशकात त्यांची नोंदणी थांबवली. तिथे राइटचा आकडा शून्य आला तरी उपयोग नाही. पिल्लू गोड दिसतं म्हणून ते हवं असणं, हाच तिथला दोष.

तर माझं मत. साडेबारा चालतं की सव्वासहा, यावर ब्रीडरमंडळी वाद घालतात. घालोत. सख्खे बहीणभाऊ आणि आई-मुलगा नको, यावर दुमत नसावं. 'जातीचा नमुना पक्का करायचा होता' ही सबब आज मी तरी मान्य करणार नाही. थॉम्पसनला दुसरं मांजर नव्हतं, आजच्यांना आहे. पण खरा प्रश्न मला दोन जागी दिसतो. एक, तो नामांकित बोका. माझ्या मुलीच्या पिल्लाचे दोन्ही आजोबा एक निघाले ते मांजरं कमी म्हणून नव्हे, तर बक्षीस मिळवलेल्या बोक्याकडे सगळेच गेले म्हणून. प्रत्येकाने आपापल्यापुरता शहाणा निर्णय घेतला आणि सगळ्यांची पिल्लं एकमेकांची भावंडं झाली. अशा बोक्याला किती वेतं द्यायची याला त्याच्या मालकाने स्वतःहून मर्यादा घालावी. ब्रीडरबाईंना हे पटत नाही. चांगला बोका मिळायला वीस वर्षं लागतात, असं त्या म्हणतात.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. मेलेल्या पिल्लांची नोंद.

माझ्या एका चुलत बहिणीचं लग्नही आमच्यासारखंच नात्यातलं. तिची दोन मुलं जन्मतः बहिरी. त्या मुलांबद्दल घरात काय काय बोललं गेलं ते मी ऐकलंय. कुणी म्हणे हिने ग्रहणात भाजी चिरली, कुणी म्हणे दृष्ट, कुणी पत्रिका काढून बसलं. सगळा दोष तिच्या पदरात. नातं हेच कारण होतं असं मी म्हणत नाही, मला ते कळायचा मार्ग नाही. पण तो प्रश्न घरात एकदाही कुणी उच्चारला नाही. उच्चारला असता तर आमच्याच घरातली पुढची तीन लग्नं अडली असती! म्हणून सगळे गप्प. त्या तिघींतल्या एकीलाही कुणी काही सांगितलं नाही.

ब्रीडरच्या घरीही हेच होतं. पिल्लू मेलं तर परसात पुरायचं आणि बोक्याचं नाव चांगलं ठेवायचं. बोक्याचं नाव गेलं तर त्याची पिल्लं विकत कोण घेणार? पुढचा माणूस मग त्याच बोक्याकडे आपली मांजरी घेऊन येतो. म्हणून मी मुलीला सांगितलं, तू टक्के विचारू नकोस. या आईला आधी किती पिल्लं झाली, किती जगली आणि जी गेली ती कशाने गेली, ते विचार. उत्तर द्यायला वेळ लागला तर उठून ये.

तिने विचारलं. बाईंनी एक वही काढली. आधीच्या वेतात पाच, त्यांतलं एक दुसऱ्या दिवशी गेलेलं. त्याची तपासणी करून घेतल्याचा कागद वहीत चिकटवलेला. आईबाप दोघांच्या जनुकांच्या चाचण्या. एक पिल्लू तीन वर्षांनी मधुमेही झालं, तेही लिहिलेलं. ते तर कधीच विकलं गेलं होतं. लिहिलं नसतं तर कुणाला कळणार होतं?

तरीही मी असते तर ते पिल्लू घेतलं नसतं. साडेबारा आहे म्हणून नव्हे. असे व्यवहार गिऱ्हाईक मिळतं म्हणून होत राहतात, म्हणून. मुलीचं म्हणणं असं की पिल्लू तर जन्माला आलंय, त्याची नसबंदी होणार, त्याच्यापासून पुढे काही वाढणार नाही, आणि इतकी प्रामाणिक बाई आपण सोडली तर लोक कुठून आणतील? आमचं यावर जेवताना दोनदा वाजलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, तू बाबांशी लग्न केलंस तेव्हा कुणी वही दाखवली होती का?" मी वाढून घेतलं आणि गप्प बसले.

पिल्लू आलं. तपकिरी, डोळे पिवळेधमक, आवाज मात्र घोगरा. करारात लिहिल्याप्रमाणे त्याची नसबंदी झाली. मी परत आले त्याला आता बरेच महिने झाले. परवा मुलीने फोनवर सांगितलं की ब्रीडरबाईंचा वार्षिक फॉर्म आला आहे. वजन किती, दात कसे, पाणी जास्त पितं का, मान खाली घालतं का. ती तो भरायला बसली होती आणि पाणी किती पितं ते तिला नक्की सांगता येईना. मी म्हटलं, मग आज वाटी मोजून ठेव, उद्या लिही.